मॅचअप चार्टमधलं ६-४ नक्की कोणाच्या खेळातलं? (स्ट्रीट फायटर ६, थोडं टेक्कन)

चौथाकोपरा

नेटवर फिरणारे मॅचअप चार्ट (दोन पात्रं भिडली तर कोणाचं पारडं किती जड, ते आकड्यांत सांगणारे तक्ते) बहुतेक वेळा स्पर्धांत उतरणाऱ्यांनी बनवलेले असतात. त्यात होंडा, ब्लांका, झँगीफ ही पात्रं बऱ्याचदा फारशी वर दिसत नाहीत. पण स्ट्रीट फायटर ६ या फायटिंग गेमच्या रँक्डमध्ये (ऑनलाइन क्रमवारीत; सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, मास्टर अशा चढत्या पायऱ्या) सिल्व्हर-गोल्डला याच तिघांपुढे लोकांची दाणादाण उडते, आणि चार्टवर 'सोपा' म्हणून लिहिलेले मॅचअप तिथे कुणालाच सोपे जात नाहीत.

तर प्रश्न असे. ६-४, ७-३ या आकड्यांचा नेमका अर्थ काय? खेळणाऱ्यांची लेव्हल बदलली की तोच मॅचअप उलटतो का, आणि उलटत असेल तर कशामुळे? गोल्डमधल्या माणसाने चार्ट बघून पात्र बदलावं का? 'खेळत राहा, आपोआप येईल' छाप प्रतिसाद नकोत. नेमकं काय चुकतं ते हवंय.

एकफ्रेमी

आधी आकडा. ६-४ म्हणजे सारख्याच तयारीच्या दोघांनी दहा गेम खेळले तर एकाचे सहा, दुसऱ्याचे चार. 'सारख्याच तयारीच्या' ही अट महत्त्वाची, आणि चार्ट वाचताना नेमकी तीच गळते.

६-४ ऐकायला जड वाटतं, पण राउंडमध्ये मोडून बघा. गेम तीनपैकी दोन राउंडचा. गेम ६० टक्के वेळा जिंकायला प्रत्येक राउंड फक्त ५६.७ टक्के वेळा जिंकावा लागतो. शंभर राउंडमागे सहा-सात राउंड इकडचे तिकडे झाले की ५-५ चं ६-४ होतं. ७-३ ला राउंडचा आकडा ६३.७ टक्के.

उलट सेट लांबला की फरक फुगतो. ६-४ वाला दोन गेमचा सेट (आधी दोन गेम जिंकेल तो विजेता) ६४.८ टक्के वेळा जिंकतो, तीन गेमचा ६८.३ टक्के. ७-३ असेल तर हेच आकडे ७८.४ आणि ८३.७.

आता लेव्हल. बुद्धिबळातल्या ईलो सूत्राने पाहिलं तर ६-४ ची किंमत साधारण ७० गुण आणि ७-३ ची १४७ गुण. म्हणजे ३-७ अशा वाईट मॅचअपमध्ये अडकलेला खेळाडू समोरच्यापेक्षा २०० गुणांनी भारी असेल, तर तो तरीही ५७-५८ टक्के गेम काढतो. रँक्डमध्ये कोण नेमका किती पाण्यात आहे याचा अंदाजच इतका ढोबळ असतो की सिल्व्हर-गोल्डमध्ये चार्टमधलं ६-४ दिसतही नाही, लेव्हलच्या फरकात बुडून जातं.

पण या हिशेबात एक गृहीतक दडलंय: मॅचअपचा आकडा सगळीकडे एकच, त्यावर कौशल्याचा फरक फक्त मिळवायचा किंवा वजा करायचा. हे गृहीतक खोटं आहे. ते का, ते दुसऱ्या कुणीतरी लिहा, मी टंकून दमलो.

डोंगरवाट

लिहितो. एकच कसोटी लक्षात ठेवा. प्रत्येक मॅचअपमध्ये एक पात्र प्रश्न टाकतं, दुसरं उत्तर देतं. प्रश्न टाकायला किती कौशल्य लागतं आणि उत्तर द्यायला किती, या दोन किमतींतला फरक म्हणजे त्या लेव्हलचा मॅचअप. लेव्हल वाढली की दोन्ही किमती परवडू लागतात, पण एकाच वेळी नाही. त्या मधल्या काळात आकडा हलतो.

झँगीफ विरुद्ध गाईल घ्या. परंपरेने गाईलच्या बाजूचा मॅचअप. एक पकडायला येतो, दुसरा सॉनिक बूम (लांबून फेकायचा मारा) टाकून त्याला लांब ठेवतो. झँगीफची तब्येत ११,००० आहे, बाकी बहुतेकांची १०,०००. एक स्क्रू पाइलड्रायव्हर (त्याची मोठी पकड) बसला की समोरच्याची पाव किंवा त्याहून जास्त पट्टी जाते.

अगदी खालच्या लेव्हलला गाईल म्हणजे नुसती फजिती. चार्जसाठी पाऊण सेकंदाच्या आसपास मागे दाबून ठेवावं लागतं. नवा खेळाडू बूम टाकतो आणि लगेच पुढे चालतो, म्हणजे चार्ज गेला. उडी पाडणाऱ्या फ्लॅश किकला खाली चार्ज हवा, तो नेमका उडी येते तेव्हा नसतो. दुसरीकडे झँगीफवाल्यालाही उभ्याउभ्या ३६० (पकडीसाठी स्टिक गोल फिरवणं) निघत नाही, स्टिक वर गेली की तो उडीच मारतो. तरी त्याचं निभतं, कारण उडी मारून हेवी बटण आणि लॅरिएट एवढ्यावरच खाली गेम निघतो. इथे मॅचअप बरोबरीचा किंवा किंचित झँगीफकडे.

गोल्ड-प्लॅटिनमला झँगीफवाला ३६० शिकलेला असतो. पूर्ण वर्तुळ लागतच नाही: पुढे, खाली, मागे, वर एवढं गेमला पुरतं. आणि जमीन सोडण्याआधी उडीचे काही फ्रेम (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) असतात, तेवढ्यात पंच दाबला की उडी न होता पकड निघते. जॅब (झटपट हलका ठोसा) ब्लॉकवर देऊन त्याच्या आडून स्टिक फिरवली की समोरच्याला काही दिसतही नाही. म्हणजे प्रश्नाची किंमत एकदम उतरली. उत्तर अजून महाग आहे. पकड ब्लॉक होत नाही, साध्या थ्रोसारखी सोडवता येत नाही. मुख्यतः उडी, बॅकडॅश (मागे झटकन सरकणं) किंवा आधीच मारलेला फटका एवढंच चालतं. प्लॅटिनमचा गाईल घाबरून खाली-मागे धरून बसतो, म्हणजे स्वतःहून पकडीत जातो. शिवाय त्याचे बूम एका ठेक्यात सुटतात, तिसऱ्याला झँगीफ उडी मारूनच येतो. हा सगळा पट्टा झँगीफचा. माझ्या मते इथे ६-४, कदाचित त्याहून जास्त.

डायमंडच्या वरून पुढे गाईल बदलतो. हळू बूम टाकून त्याच्या मागून चालणं, वेगवान बूम मध्येच घुसवणं, बूम टाकून तिथेच चार्ज धरून उडीची वाट बघणं. आता झँगीफला संयम लागतो: बूम पॅरी करायचे (ब्लॉकऐवजी दोन बटणं धरून झेलायचे), दोन पावलं पुढे, पुन्हा पॅरी, उडी नाही. ही शिस्त ३६० पेक्षा कितीतरी महाग. पट्टा गाईलचा.

आणि सगळ्यात वर पुन्हा थोडं झँगीफकडे सरकतं. पॅरीतून ड्राइव्ह रश (वेगाने पुढे झेप) काढला तर ड्राइव्ह या ऊर्जेच्या पट्टीतला एक बार लागतो, मारलेलं बटण मध्येच तोडून (कॅन्सल करून) काढला तर तीन. वरचा झँगीफ योग्य अंतरावर पॅरी करून तो एक बार खर्च करतो आणि एका झेपेत अंगाशी येतो. एकदा कोपऱ्यात पाडलं की उठताना पुन्हा-पुन्हा तेच कोडं. मॅचअप गाईलचाच राहतो, पण मधल्या मास्टरला वाटतो तितका भयाण नसतो.

म्हणजे आलेख सरळ रेषेत जात नाही, दोनदा वळतो. 'लेव्हल वाढली की झँगीफ कमजोर होतो' हे वाक्य अर्धंच खरं.

झणझणीत_कॉम्बो

डोंगरवाट, प्रतिसाद साठवून ठेवलाय.

टेक्कनची भर टाकतो. इथल्या बऱ्याच जणांना टेक्कन ३ चा एडी आठवत असेल, सायबर कॅफेत आणि भाड्याच्या प्लेस्टेशनवर. दोन किक बटणं कशीही बडवली तरी काहीतरी लांबलचक, खालून-वरून बाहेर पडायचं. प्रश्नाची किंमत शून्य. उत्तर मात्र असं: कुठला फटका खालचा हे ओळखायचं, तो बसून ब्लॉक करायचा, आणि मगच मारायचं. हे येत नाही तोवर एडी अजिंक्य. आलं की एडीवाला दर राउंडला फुकटचा कॉम्बो देतो.

पण खरा धडा ब्रायनमध्ये आहे. त्याची स्नेक एज म्हणजे खालून येणारी हळू स्वीप, सुरू व्हायला २५ च्या वर फ्रेम. नवख्याला लागली की कॉम्बोच. जरा सरावलेला खेळाडू ती बघून ब्लॉक करतो आणि हवेत उडवतो. म्हणून खाली ब्रायन दहशतवादी. मध्ये त्याची पंचाईत, कारण स्नेक एज चालत नाही आणि दुसरं काही येत नाही. वर पुन्हा भारी, कारण तिथला ब्रायन टाँट कॅन्सल करून जेट अपर मारतो, ज्याला बोटांचा अचूक ताल लागतो. नाव एकच, पात्रं दोन. चार्टवर मात्र एकच ओळ.

किंगचंही असंच. टेक्कन ७ मध्ये थ्रो सोडवायला हात बघावे लागतात: डावा हात पुढे आला तर १, उजवा तर २, दोन्ही तर १+२. हात न बघणाऱ्याला किंग म्हणजे नुसता जुगार. हात बघणाऱ्याला किंगचे थ्रो हे फक्त भीती घालायचं साधन, मग किंगला बाकीचा खेळ यावा लागतो.

नाममात्र

हे सगळं ठीक, पण शेवटी खेळाडूच मोठा ना? एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत २०१३ ला स्ट्रीट फायटर ४ शिआनने गेन घेऊन जिंकलं. २०१४ ला लफी रोज घेऊन जिंकला, तेही प्लेस्टेशन १ च्या पॅडवर. दोन्ही पात्रं तेव्हा सगळ्यात वरची मानली जात नव्हती. चार्ट हे हरणाऱ्यांचं निमित्त आहे.

एकफ्रेमी

अर्धवट सहमत. एक स्पर्धा जिंकली म्हणून मॅचअप ५-५ ठरत नाही. ४-६ वाला तीन गेमचा सेट ३२ टक्के वेळा जिंकतोच की. आणि अख्ख्या स्पर्धेत सगळेच सेट वाईट मॅचअपचे येत नाहीत.

गेन आणि रोजच्या उदाहरणात दुसरंच काहीतरी आहे. दुर्मिळ पात्र असेल तर समोरच्याचा त्या मॅचअपचा सराव कमी असतो. गेनच्या दोन स्टान्स (लढायच्या पवित्र्या), दोघांची बटणं वेगळी, उड्या वेगळ्या. बाकी जगाने हजारो गेम रियू-अकुमाविरुद्ध खेळलेले, गेनविरुद्ध मोजके. म्हणजे 'सारख्याच तयारीचे' ही अट त्या जोडीपुरती मोडली. चार्टवरचा आकडा धरून चालतो की दोघांनाही मॅचअप पूर्ण पाठ आहे.

हे प्रदेशानुसारही होतं. २०१९ मध्ये लाहोरच्या अर्सलान ॲशने टेक्कनमध्ये एव्हो जपान आणि मग लास वेगासची एव्हो, दोन्ही जिंकल्या. पाकिस्तानातले खेळाडू आपसात खेळून किती वर गेलेत याची बाहेर फारशी कल्पना नव्हती. चार्ट बनवणारे ज्यांच्याशी रोज खेळतात त्यांचीच लेव्हल चार्टमध्ये उतरते.

पाटावरवंटा

यात काळाचाही मुद्दा धरा. स्मॅश ब्रदर्स मेली २००१ चा, त्यात वर्षानुवर्षं एकही बदल नाही. तरी यादी हलत राहिली. योशी बराच काळ 'अवघड आणि कुचकामी' वर्गात पडून होता, कारण त्याचा पॅरी आणि दुसऱ्या उडीतलं चिलखत (फटका बसला तरी न थांबणं) वापरायला फार अचूक वेळ लागते. जपानच्या आम्साने ती किंमत मोजली आणि २०२२ मध्ये द बिग हाउस १० जिंकली. ॲक्सने २०१९ ला पिकाचू घेऊन स्मॅश समिट ८ मारली. गेम तोच, डिस्क तीच, फक्त माणसांची वरची पातळी वर गेली.

म्हणून चार्टवर तारीख आणि कोणी बनवला हे नसेल तर मी तो वाचतच नाही.

सरावखोली

गोल्डवाल्यांसाठी कामाचं लिहितो. होंडाचा हेडबट (डोकं पुढे करून लांबून झेपावणं) धरू, ब्लांकाच्या बॉललाही (गोल होऊन झेपावणं) पद्धत हीच.

ट्रेनिंग मोडमध्ये डमी होंडा घ्या, फ्रेम मीटर (कोण किती फ्रेम अडकलंय ते दाखवणारी पट्टी) चालू करा. रेकॉर्डिंगचे पाच स्लॉट भरा. पहिल्यात लांबून हेवी हेडबट. दुसऱ्यात हेडबट आणि तो ब्लॉक झाल्यावर लगेच एक जॅब. तिसऱ्यात हेडबट, मग चालत येऊन थ्रो. चौथ्यात सुमो स्मॅश, म्हणजे ते वरून बसणं. पाचव्यात काहीच नाही, दोन सेकंद खाली-मागे धरून नुसतं बसणं. प्लेबॅक रँडमवर टाका.

पाचवा स्लॉट बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच सराव वाया जातो. डमी दर वेळी काहीतरी करणारच असं ठरलं की बोटं बघून दाबत नाहीत, तालावर दाबतात. खऱ्या गेममध्ये होंडा बसून राहतो, तुम्ही हवेत बटण मारता आणि मग तो येतो.

पहिली दहा मिनिटं फक्त ब्लॉक करा आणि मीटर वाचा. ब्लॉकवर समोरचा -४ असेल (म्हणजे तुमच्यापेक्षा ४ फ्रेम उशिरा मोकळा होत असेल) तर ४ फ्रेमचा जॅब लागतो, -५ ला जवळ असाल तर थ्रोही. पण हेडबट ब्लॉक झाल्यावर तो मागे सरकतो, म्हणून नुसता आकडा पाहून भागत नाही, तुमचं कुठलं बटण त्या अंतरावर पोचतं ते तपासावं लागतं. ब्लांकाचा बॉल तर आदळून इतका लांब जातो की काही पात्रांकडे चांगलं उत्तरच नसतं. प्रत्येक पात्राचं उत्तर वेगळं असल्यामुळे 'ब्लांका पनिश कसा करायचा' (म्हणजे चुकल्यावर त्याला कसं मारायचं) याचं एक सार्वत्रिक उत्तर कुणी देत असेल तर दुर्लक्ष करा.

नंतर एकच उत्तर निवडा आणि तेवढंच पंधरा मिनिटं. तीन-तीन उत्तरं एकदम शिकायला गेलं की दबावाखाली एकही निघत नाही. सगळ्यात स्वस्त उत्तर ड्राइव्ह पॅरी: दोन्ही मध्यम बटणं धरून ठेवायची. ब्लॉक केला तर तुमचा ड्राइव्ह जातो, पॅरीने उलट भरतो. याने होंडा हरत नाही, पण त्याचा फुकटचा धंदा बंद होतो आणि त्याला चालत यावं लागतं. गोल्डमधल्या बहुतेक होंडांना त्यापुढचं काही येत नसतं.

आणि चार्ज बघा. होंडा पुढे चालत असेल तर त्या क्षणी हेडबट नाही. मागे धरून पाऊण सेकंदाच्या आसपास गेल्यावरच तो येणार. उडीत मात्र तो हवेतच चार्ज भरून घेतो, म्हणून उडीवरून उतरला की लगेच हेडबट येऊ शकतो.

झणझणीत_कॉम्बो

ब्लांकाबद्दल अवांतर: वरच्या लेव्हलचा ब्लांका बॉलवर जगतच नाही. मेनाआरडी या नावाजलेल्या स्पर्धकाचे गेम लावून बघा. ब्लांका-चान बाहुल्या पेरायच्या, विजेने पेटवायच्या आणि त्यांच्या आडून दोन्ही बाजूंनी चढायचं, हे त्याचं खरं हत्यार. गोल्डचा ब्लांका आणि तो ब्लांका यांच्यात फक्त केस सारखे.

रात्रपाळी

ड्राइव्ह इम्पॅक्टचं (फटके झेलत पुढे येणारा हळू, जोरदार मारा) कुणी लिहिलं नाही, आणि खालचे मॅचअप सगळ्यात जास्त तोच वाकवतो.

हिशेब: इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम. ६० फ्रेमला एक सेकंद, म्हणजे ४३३ मिलिसेकंद. नुसता प्रकाश बघून बटण दाबायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. पण गेममध्ये तुम्ही त्याचीच वाट बघत नसता, डोक्यात उडी, थ्रो, बूम सगळं असतं, त्यामुळे आणखी काही फ्रेम जातात. त्यात गेम आणि मॉनिटरचा उशीर धरा. हातात उरतात पाच-सात फ्रेम. उत्तरादाखल मारलेल्या इम्पॅक्टलाही पहिल्या फ्रेमपासून चिलखत असतं, म्हणून तेवढ्यात दाबला तरी पुरतो. मात्र तुम्ही तेव्हा मोकळे हवेत. कॅन्सल न होणारं हेवी बटण हवेत मारून वीस फ्रेम अडकलेला माणूस बघूनही काही करू शकत नाही.

यावरून कुठली पात्रं खाली जड जातात ते कळतं. ज्यांचा खेळ मोठ्या, हळू बटणांवर आहे ती इम्पॅक्ट न बघणाऱ्यांविरुद्ध राजा आणि बघणाऱ्यांविरुद्ध अडचणीत. लोकांना इम्पॅक्टवर उत्तर देता यायला लागलं की बटणं मारण्याची पद्धतच बदलते. कोपऱ्यात तर ब्लॉक केलं तरी भिंतीवर आपटतो, आणि बर्नआउटमध्ये (ड्राइव्ह पूर्ण संपलेला) असाल तर सरळ चक्कर. इम्पॅक्टला चिलखत दोनच फटक्यांचं, आणि थ्रो ते भेदतो, हे दोन्ही विसरू नका. जवळून कुणी इम्पॅक्ट टाकला की थ्रो करून मोकळं व्हा.

ऑनलाइनचा भाग वेगळा. पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदांत) १०० असेल तर समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत यायला ५० मिलिसेकंद, म्हणजे ३ फ्रेम. रोलबॅक नेटकोड हे लपवायला हालचालीची सुरुवातच कापतो. २६ फ्रेमचा इम्पॅक्ट तुम्हाला २३ फ्रेमचा दिसतो. वर म्हटलेले पाच-सात फ्रेम होते, त्यातले तीन गेले. भारतातून आग्नेय आशिया किंवा आखाताकडच्या खेळाडूंशी जुळलं की हे रोजचं. त्यामुळे आपल्याकडे बघून-उत्तर-देणारे मॅचअप चार्टपेक्षा वाईट जातात आणि धसमुसळे चांगले. वायफायवर तर उशीर दर क्षणाला बदलतो, ताल धरताच येत नाही. केबल लावा, हे फुकटचं ६-४ आहे.

नाममात्र

आणि मॉडर्न कंट्रोल (सोपी बटणरचना; जुनी ती क्लासिक)? एका बटणाला शोर्युकेन, म्हणजे उडी पाडणारा उंच ठोसा. तिथे तर उत्तराची किंमतच शून्य.

रात्रपाळी

अगदी. एका बटणाने काढलेल्या स्पेशलला नुकसान २० टक्के कमी, पण खाली तो सौदा फायद्याचाच. क्लासिकवाला पुढे-खाली-पुढे फिरवून पंच मारेपर्यंत उडी डोक्यावर आलेली असते. मॉडर्नवाल्या रियू-केनविरुद्ध सिल्व्हरमध्ये उडीवर जगणारं पात्र घेतलं तर पहिल्या दोन उड्यांतच कळतं. म्हणजे एकाच रँकला, एकाच जोडीचे दोन वेगळे मॅचअप. वर गेलं की क्लासिकवालेही उडी पाडतातच, तेव्हा फरक घटतो आणि २० टक्के बोचायला लागतात.

पाटावरवंटा

आकडे बघणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. कॅपकॉमच्या बकलर्स बूट कँप साइटवर पात्रांचा वापर आणि जोडीवार निकाल मिळतात. तिथे एखाद्या पात्राची एकूण जिंकण्याची टक्केवारी बघून 'बलवान आहे' म्हणू नका. जुळणी करणारी यंत्रणा प्रत्येकाला त्याच्या बरोबरीच्यांशी भिडवते, त्यामुळे सगळेच पन्नासच्या आसपास येऊन थांबतात. कमजोर पात्राचा खेळाडू जास्त हरला की खाली येतो आणि तिथे पन्नास टक्के जिंकतो. पात्राची ताकद रँकमध्ये दिसते, टक्केवारीत ती दिसेनाशी होते.

कामाचा आकडा म्हणजे त्याच पात्राच्या मॅचअपमधला आपसातला फरक. झँगीफ एकूण पन्नासवर असेल, पण एकाविरुद्ध ५५ आणि दुसऱ्याविरुद्ध ४४, तर ते ११ गुण काहीतरी सांगतात. आणि स्ट्रीट फायटर ६ मध्ये रँक पात्रागणिक वेगळी असते, त्यामुळे मास्टर माणूस नवं पात्र घेऊन खाली खेळतो तेव्हा त्याचे गेम त्या रँकच्या आकड्यात मिसळतात.

स्वतःच्या निकालांवरून मॅचअप ठरवू नका. शंभर गेम खेळले तरी चूक दहा टक्के गुणांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे खरा ५-५ असलेला मॅचअप ६-४ किंवा ४-६ दिसू शकतो. ५० आणि ५५ मधला फरक जेमतेम ओळखायलाच चारशे गेम लागतात. 'केन आपल्याला जमत नाही' असं वीस गेमवरून म्हणणं म्हणजे नाणं उडवून पाऊस सांगणं.

चौथाकोपरा

मंडळी, भरभरून माहिती दिलीत. मग पात्र बदलावं का, यावर?

डोंगरवाट

गोल्डमध्ये? नाही. तिथे हरण्याचं कारण जवळजवळ नेहमी न दिलेलं उत्तर असतं, आणि दुसरं पात्र घेतलं तरी ती उत्तरं शिकावीच लागतात. होंडाविरुद्ध पॅरी न करणारा रियू बदलून चुन-ली घेतली तर चुन-लीही हेडबट खाणारच. नव्या पात्राचे कॉम्बो शिकण्यात महिना जातो तो वेगळाच.

दुसरं पात्र तेव्हा घ्या जेव्हा तीन गोष्टी एकदम खऱ्या असतील: त्या मॅचअपची उत्तरं माहीत आहेत, सामन्यात ती निघतातही, आणि तरी बरोबरीच्या खेळाडूशी सेट जातात. हे मास्टरला पंधराशे एमआर (मास्टरमधलं गुणांकन) ओलांडल्यावरचं दुखणं आहे. स्पर्धेला जात असाल तर थोडं आधी, कारण तिथे हरलेल्याला पात्र बदलता येतं.

दुसरी बाजूही सांगतो, ती कुणाला आवडत नाही. तुम्ही स्वतःच होंडा खेळत असाल आणि गोल्डपर्यंत हेडबटवर आला असाल, तर प्लॅटिनममध्ये एक दिवस सगळे पॅरी करायला लागतील. तेव्हा 'मॅचअप बिघडला' वाटेल. हेडबटच्या जोरावर टाळलेलं बाकीचं शिक्षण तिथे एकरकमी भरावं लागतं: जमिनीवरचं अंतर, उडी पाडणं, थ्रो सोडवणं. ते आधीपासून थोडं थोडं भरलेलं बरं. आठवड्यातून एकदा हेडबट न वापरता दहा कॅज्युअल गेम खेळा, काय येत नाही ते लगेच बाहेर येतं.

चौथाकोपरा

पटलं. शेवटचा एक प्रश्न, रियूवाल्यांसाठी. होंडाविरुद्ध हाडोकेन (रियूचा लांबून फेकायचा मारा) टाकला की तो वरून सुमो स्मॅश घेऊन येतो, नाही टाकला तर हेडबट. यात अडकतात सगळे.

सरावखोली

अंतर चुकतंय. मधल्या अंतरावरून हाडोकेन टाकला तर होंडाला उडायला वेळ मिळतो आणि तुम्ही अजून हाडोकेनच्या रिकव्हरीत (मारा झाल्यावर अडकलेले) असता. एक तर पूर्ण लांबून टाका, म्हणजे तो वर गेला तरी खाली येईपर्यंत तुम्ही मोकळे होऊन उडी पाडणारं बटण मारू शकता. नाहीतर टाकूच नका आणि हेडबटसाठी पॅरी तयार ठेवा. मधलं अंतर चालण्याचं, हाडोकेनचं नाही. वेगही बदला. लाइट हाडोकेन टाकून त्याच्या मागे चाललात तर होंडाला उडी मारण्याआधी तुम्ही कुठे असाल याचा अंदाज घ्यावा लागतो.

लॅबमध्ये यासाठी वरच्या पाच स्लॉटमधले पहिला, चौथा आणि पाचवा एवढेच चालू ठेवा. स्वतः दर वेळी लाइट किंवा हेवी हाडोकेन टाका आणि मग काय येतं ते बघून उत्तर द्या. पाचवा स्लॉट दोन सेकंदांचा एकच ठेवू नका. एक सेकंद, दीड आणि अडीच अशा तीन स्लॉटमध्ये तोच 'काहीच नाही' भरा, नाहीतर चार-पाच मिनिटांत त्याचाही ताल पाठ होतो.